झणझणाटी विकू नका : बडोद्यातल्या आखाडे, व्यायामशाळा आणि जिम चालवणाऱ्यांना खुलं पत्र

सर्व उस्ताद, वस्ताद, कोच, ट्रेनर आणि जिमचे मालक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी रावपुऱ्यात गेली बावीस वर्षं मेडिकल स्टोअर चालवते, फार्मसी शिकलेली आहे, आणि जिममध्ये मी स्वतः कधी गेले नसले तरी आखाडा आमच्या घरात तीन पिढ्यांपासून आहे. आजोबा १९४० च्या दशकात दांडिया बाजारात राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, वडील जायचे, आणि आता बहिणीचा मुलगा सकाळी आखाड्यात कुस्ती करतो आणि संध्याकाळी मशीनवर घाम गाळायला जिमला जातो. तो सोळा वर्षांचा आहे, वजन ५२ किलो. जिममध्ये मिळणाऱ्या प्री-वर्कआउटच्या, म्हणजे व्यायामाआधी पाण्यात घालून प्यायच्या पावडरीच्या डब्यांबद्दलचं हे पत्र त्याच्यामुळे लिहितेय, पण फक्त त्याच्यासाठी नाही, कारण मागच्या वर्षभरात अशीच चार-पाच पोरं माझ्या काउंटरवर येऊन गेलीत.

मागच्या श्रावणात, राखीच्या दोन दिवस आधी, रात्री नऊ वाजता त्याचा फोन आला. आवाज थरथरत होता. "मावशी, माझं तोंड जळतंय, कान जळतायत, हाताला मुंग्या, मानेला मुंग्या, छातीत धडधडतंय, मला लकवा होतोय का?" मी दुकान तसंच उघडं टाकून पळाले, स्कूटरवर बसवून त्याला कॅज्युअल्टीत नेलं, तिथे ईसीजी काढला, नाडी १३० च्या वर, आणि डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की काय घेतलंय. कोणालाच माहीत नव्हतं. त्याला स्वतःला माहीत नव्हतं! जिमच्या ट्रेनरला फोन लावला तर तो म्हणाला, "कंई नथी बेन, खाली प्री-वर्कआउट छे, बधा ले छे." सगळे घेतात म्हणे. कोणती कंपनी, किती स्कूप म्हणजे डब्यातले चमचे, आत काय काय, काही सांगता येईना. रात्री दोनपर्यंत आम्ही तिथे बसून होतो, बहीण रडत होती, आणि पोरगं डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या जिममध्ये जाऊन डबा मागून घेतला आणि मागचं लेबल वाचलं. एका स्कूपमध्ये बीटा-अलानिन ३.२ ग्रॅम, कॅफीन ३०० मिलिग्रॅम, बाकी पाच-सहा गोष्टी. आणि पोराने घेतले होते दोन स्कूप, कारण एका स्कूपने आता पूर्वीसारखी मुंग्यांची झणझणाटी येत नव्हती आणि त्याला सांगण्यात आलं होतं की झणझणाटी आली नाही तर समज माल लागला नाही, डबल कर.

हे वाक्य कोण बोललं ते मी इथे लिहिणार नाही. पण हे वाक्य बडोद्यात बऱ्याच ठिकाणी बोललं जातं, मांजलपूरपासून सयाजीगंजपर्यंत, आणि ते साफ चुकीचं आहे. का चुकीचं ते जरा सविस्तर सांगते, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे कुणी नीट सांगितलेलंच नसेल असं मला वाटतं, डबा विकणारा एजंट तर सांगणार नाही.

बीटा-अलानिन हे अमिनो अ‍ॅसिड आहे, पण व्हे प्रोटीनमध्ये असतात तसल्यातलं नाही. त्यापासून शरीर प्रोटीन बनवत नाही, म्हणजे त्याने दंड वाढत नाहीत. ते आपल्या लिव्हरमध्ये थोडं तयार होतं, मटण-चिकन-मासे खाल्ले तर त्यातून थोडं येतं. स्नायूत गेल्यावर ते हिस्टिडीन नावाच्या दुसऱ्या अमिनो अ‍ॅसिडला जोडलं जातं आणि त्या जोडीला म्हणतात कार्नोसीन. कार्नोसीन १९०० साली रशियन रसायनशास्त्रज्ञ गुलेविच यांनी मांसाच्या अर्कात शोधलं, नावच मुळी लॅटिनमधल्या मांसावरून पडलंय. स्नायूत हिस्टिडीन भरपूर असतं, कमी पडतं ते बीटा-अलानिन, म्हणून ते बाहेरून दिलं की कार्नोसीन वाढतं. जे घर शुद्ध शाकाहारी त्यांच्या स्नायूत कार्नोसीन मुळातच कमी असतं, म्हणजे आपल्या गुजरातेत तर हा विषय जास्तच लागू.

आता कार्नोसीन करतं काय. पैलवान जोर लावून दीड-दोन मिनिटं भिडला की मांडीत जी आग पेटते, हात जड पडतात, पकड सुटते, त्यात स्नायूतलं आम्ल वाढण्याचा मोठा भाग असतो. कार्नोसीन ते आम्ल शोषून धरतं, म्हणजे थकवा थोडा उशिरा येतो. थोडा. हा शब्द मी मुद्दाम लिहितेय. २०१२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला तेव्हा मधला फायदा निघाला २.८५ टक्के, आणि तो सगळ्यात ठळक दिसला ६० सेकंद ते ४ मिनिटं चालणाऱ्या जोरदार मेहनतीत. ६० सेकंदांच्या आतल्या कामात फायदा दिसला नाही.

म्हणजे बघा, सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये गामा पैलवानाने १९०२ मध्ये उचलला म्हणून सांगतात तो बाराशे किलोचा दगड ठेवलाय ना, तसला दगड एकदाच उचलायचा असेल तर बीटा-अलानिनचा काही उपयोग नाही. शंभर मीटर धावणाऱ्याला नाही. बेंच प्रेसवर एकदाच मोठं वजन उचलणाऱ्याला नाही. कबड्डीची रेड तीस सेकंदांची, तिथे नाही. फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंद विश्रांती, तिथे असू शकतो. आठशे मीटर धावणारा, दोनशे मीटर पोहणारा, रोइंगवाला, यांना असू शकतो. आणि तुमच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद पोरांना लग्नात शर्ट फिट बसावा म्हणून छाती बनवायची असते, त्यांच्यासाठी हा डबा म्हणजे त्यांच्या बापाच्या खिशातले पैसे निव्वळ वाया.

आता झणझणाटीचं. आपल्या कातडीत जे बारीक मज्जातंतू असतात त्यांच्यावर एक रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारी जागा, आहे, बीटा-अलानिन रक्तात एकदम वाढलं की ते तिथे जाऊन बसतं आणि तंतू मेंदूला खाज-मुंग्यांचा निरोप पाठवतो. बस, एवढंच आहे ते. साधारण पंधरा-वीस मिनिटांत सुरू होतं, तास-दीड तासात उतरतं, चेहरा, कान, मान, हाताचे मागचे भाग. स्नायूचा त्याच्याशी संबंध नाही, ताकदीशी नाही, "पंप"शी, म्हणजे स्नायू फुगण्याशी नाही. झणझणाटी कातडीत असते आणि कार्नोसीन स्नायूत, हे दोन वेगळे मामले आहेत!

आणि दुसरी गोष्ट, जी बहुतेक ट्रेनर उलटी सांगतात. बीटा-अलानिन व्यायामाच्या आधी घेतल्याने त्या दिवशी काहीही होत नाही. हे रोज घेऊन साठवायचं असतं. २००६ मध्ये रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा दाखवलं की बीटा-अलानिन दिल्याने माणसाच्या स्नायूतलं कार्नोसीन वाढतं, पुढच्या वर्षीच्या एका अभ्यासात चार आठवड्यांत ५८ टक्क्यांच्या आसपास आणि दहा आठवड्यांत ८० टक्के वाढलं. चार आठवडे! आणि बंद केलं तर उतरायलाही कित्येक आठवडे लागतात. म्हणजे आठवड्यातून तीन दिवस जिमला येणारं पोरगं दाराशी उभं राहून एक स्कूप मारतं ते त्या स्कूपमधल्या बीटा-अलानिनसाठी जवळजवळ बेकारच, त्याला जे "लागतं" ते कॅफीन असतं, मुंग्या असतात, आणि सगळे मित्र एकत्र मिळून घेतात त्याची मजा असते.

त्याच हॅरिसच्या कामात डोसचाही हिशोब आहे. किलोला ४० मिलिग्रॅम एकदम दिलं तेव्हा लोकांना मुंग्या इतक्या त्रासदायक झाल्या की मात्रा खाली आणावी लागली, आणि किलोला १० मिलिग्रॅमच्या आसपास त्रास अगदी सौम्य राहिला. आता माझ्या भाच्याचं गणित करा. एक स्कूप ३२०० मिलिग्रॅम, वजन ५२, म्हणजे किलोला ६१. दोन स्कूप म्हणजे किलोला १२३. जिथे शास्त्रज्ञांनी ४० ला हात आखडता घेतला तिथे एका शाळकरी पोराला तिप्पट दिलं गेलं.

मुंग्यांनी त्याला काही इजा झाली नसती, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्या घाबरवतात, पण आपोआप उतरतात. इजा करू शकलं असतं ते दुसरं. दोन स्कूपमध्ये ६०० मिलिग्रॅम कॅफीन होतं. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये जो हिशोब दिला त्यात लहान आणि वाढत्या वयाच्या मुलांसाठी दिवसभरात किलोला ३ मिलिग्रॅमपर्यंत काळजी नाही असं आहे, म्हणजे ५२ किलोच्या पोराला १५६. धडधाकट मोठ्या माणसालाही एका वेळेला २०० आणि दिवसभरात ४०० म्हणतात. याने एका ग्लासात ६०० घेतलं, रात्री साडेआठला, रिकाम्या पोटी कारण वजन कमी ठेवायचं होतं. कॅफीन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, म्हणजे रात्री दीड वाजता त्याच्या अंगात अजून ३०० होतं, तीन कप कॉफीएवढं. म्हणून डोळे टक्क उघडे. सकाळी साडेपाचला परत आखाडा. आता सांगा ते पोरगं कधी झोपणार, कधी वाढणार, आणि अकरावीचा अभ्यास कधी करणार.

आणि मुंग्या आणि धडधड एकत्र आल्या की कोणालाही हार्ट अटॅकच वाटणार. खरोखरची अडचण कधी आली तरी त्याला वाटेल ही नेहमीचीच झणझणाटी, ही मला जास्त भीती वाटते.

तुम्हाला वाटेल ही बाई सप्लिमेंटच्या विरोधात आहे, हिला वाटतं सगळ्यांनी दूध आणि भिजवलेले हरभरे खाऊनच पैलवान व्हावं. तसं नाहीये. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१८ मध्ये सप्लिमेंट्सवर जे निवेदन काढलं त्यात खेळातली कामगिरी थेट वाढवण्याचा चांगला पुरावा असलेल्या पाचच गोष्टी धरल्यात, कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, सोडियम बायकार्बोनेट आणि बीटा-अलानिन. बाजारात एवढे डबे आहेत, त्यातल्या पाचात याचं नाव आहे, ही काही छोटी गोष्ट नाही. वाडा, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी यादीतही ते नाही. माझ्याच दुकानात एक मुलगी येते, एकवीस वर्षांची, दोनशे मीटर पोहते, ती साधी बीटा-अलानिन पावडर घेते, बाकी काहीही न मिसळलेली, दीड ग्रॅमच्या आसपास दिवसातून तीनदा जेवणाबरोबर, मोठ्या स्पर्धेच्या आधी आठ-दहा आठवडे, तिच्या कोचने वहीत लिहून ठेवलेलं असतं. तिला मुंग्या जवळजवळ येतच नाहीत. तिच्या स्नायूत ते साठतंय आणि तिला ते कळतही नाही. नीट घेतलेलं बीटा-अलानिन असंच असतं, शांत.

आणि मोठ्या वयाच्या लोकांबद्दलही सांगते कारण आमच्या गल्लीतले एक काका परवा तोच डबा हातात घेऊन विचारायला आले होते, त्यावर हृदय, मेंदू, साखर सगळं लिहिलेलं. पंचावन्न ते ब्याण्णव वयाच्या लोकांवर एक छोटा अभ्यास झालाय, रोज २.४ ग्रॅम नव्वद दिवस दिलं तर सायकल चालवताना थकवा उशिरा आला. मला ते वाचून आनंद झाला, जिना चढता येणं ही त्या वयात मोठी गोष्ट असते. पण काकांना बीपीची गोळी चालू आहे आणि त्या डब्यात कॅफीन आहे. मी त्यांना तो परत करायला लावला.

आता डब्याच्या आत जे लिहिलेलंच नसतं त्याबद्दल, कारण तुमच्यातले बरेच जण जिल्हा आणि राज्य पातळीवर पोरं पाठवतात. २००४ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, तेरा देशांतून सप्लिमेंटचे ६३४ नमुने विकत घेऊन तपासले, त्यातल्या ९४ मध्ये, म्हणजे जवळपास पंधरा टक्क्यांत, लेबलवर नसलेले अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडच्या जातीचे पदार्थ निघाले. आपल्याकडचंच उदाहरण घ्या, २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपले काही खेळाडू, त्यात पैलवानही होते, मिथाइलहेक्सानअमीन नावाच्या बंदी असलेल्या उत्तेजकात पकडले गेले, आणि हा पदार्थ तेव्हा प्री-वर्कआउटच्या डब्यांत सर्रास असायचा. डोपिंगच्या नियमात "मला माहीत नव्हतं" चालत नाही, शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, स्टेरॉइड निघालं तर चार वर्षांपर्यंत बंदी. सोळा वर्षांच्या पोराची चार वर्षं म्हणजे त्याची सगळी कुस्तीच की हो! आणि तुम्ही त्याला सुट्टा स्कूप दहा-वीस-पन्नास रुपयांना देता, डबा तो कधी बघतच नाही, मग तो नाडा, म्हणजे आपल्या देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेच्या माणसाला काय सांगणार?

सुट्टा स्कूप. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. मी गोळीची स्ट्रिप कापून देते तेव्हासुद्धा बॅच नंबर आणि एक्सपायरी असलेला तुकडा शिल्लक ठेवायची मला शिस्त आहे, बिलावर बॅच लिहावा लागतो, आणि इथे न मोजलेला चमचा, कधी उघडलाय माहीत नसलेला डबा, ओली पावडर गोळे झालेली, दारातल्या टेबलावर ठेवलेली, आणि पोरांची रांग. कोणी विचारत नाही तुझं वय काय, वजन किती, दम्याची औषधं चालू आहेत का, सकाळी चहा-कॉफी किती झाली.

तर माझी हात जोडून विनंती आहे, आणि मी अवघड काही मागत नाहीये. सुट्टा स्कूप बंद करा. अठरा वर्षांखालच्या पोराला प्री-वर्कआउट देऊच नका, विकतही नाही, फुकटही नाही, कारण यावरचे अभ्यास बहुतेक सगळे मोठ्या माणसांवर झालेत आणि कॅफीनचा हिशोब तर वर मांडलाच आहे. मोठ्या खेळाडूला खरंच गरज असेल तर साधं, एकटं बीटा-अलानिन सांगा, दिवसाला चार ते सहा ग्रॅम, छोट्या भागात वाटून, जेवणाबरोबर, निदान महिनाभर, आणि त्याचा खेळ एक ते चार मिनिटांच्या जोराचा असेल तरच. लेबलवर "प्रोप्रायटरी ब्लेंड" लिहून सगळ्यांची एकच बेरीज दिलेली असेल तर तो डबा ठेवूच नका, आत कशाचं किती आहे हेच कळत नाही. एफएसएसएआय, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा चौदा आकडी नंबर बघा, बॅच नंबरसकट लेबलचा फोटो काढून ठेवा, स्पर्धेला जाणारं पोरगं असेल तर इन्फॉर्म्ड स्पोर्टसारखी बॅच तपासलेली खूण असलेलंच घ्यायला सांगा. आणि एक साधी वही ठेवा, तारीख, नाव, काय घेतलं, किती. त्या रात्री अशी वही असती तर डॉक्टरांना दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं आणि माझी बहीण पाच तास पोराला लकवा झाला म्हणून रडली नसती.

जिमवाल्यांचं मला कळतं, भाडं आहे, मशीनचे हप्ते आहेत, डब्यावर मार्जिन चांगलं मिळतं आणि नुसत्या फीवर भागत नाही. मीही दुकानदार आहे, मार्जिन मलाही लागतं. पण आमच्याकडे कफ सिरप मागायला येणाऱ्या पोरांना आम्ही नाही म्हणतोच ना, गिऱ्हाईक तुटतं तरी म्हणतो.

आखाड्यांना मात्र वेगळं सांगायचंय. आजोबा सांगायचे की माणिकरावांच्या आखाड्यात पोराने काय खाल्लं, किती झोपला, कुठे दुखतंय हे वस्ताद रोज विचारायचे, उतरलेलं हाड बसवण्यात माणिकरावांचा हात एवढा पक्का की लोक लांबून यायचे. म्हणजे ज्याच्याकडे पोरगं मेहनत करतं त्यालाच त्याच्या शरीराची सगळी माहिती असायची. आता सकाळचा वस्ताद वेगळा आणि संध्याकाळचा ट्रेनर वेगळा आणि दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. माझ्या भाच्याच्या वस्तादांना तो प्री-वर्कआउट घेतो हेच माहीत नव्हतं, त्यांना मी सांगितलं तेव्हा ते बिचारे ओटल्यावर बसूनच राहिले. म्हणाले, "ताई, गेले दोन महिने मला वाटत होतं पोरगं झोपत का नाहीये, चिडचिड का करतंय, मी त्याला मोबाइल बघतो म्हणून ओरडत होतो." वस्तादांनो, तुम्ही विचारा. पोरं तुम्हाला खोटं सांगणार नाहीत, तुमच्या पाया पडून मातीत उतरतात ती.

आणि आपल्या गावात मदत नाही असंही नाही. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या ज्या फॅकल्टीला आपण अजूनही होम सायन्स म्हणतो, तिथे फूड्स अँड न्यूट्रिशनचा अख्खा विभाग आहे. गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीशी नाडा आणि एफएसएसएआय यांनी २०२२ मध्ये सप्लिमेंटच्या तपासणीसाठी करार केलाय, ते काही विलायतेत नाही, दोन-तीन तासांवर आहे. पाच-दहा आखाडे आणि जिम मिळून एखाद्या रविवारी न्यूट्रिशनवाल्यांना बोलवा, पोरांना आणि त्यांच्या आयांना एकत्र बसवा. आयांना विसरू नका, डब्याचे पैसे त्यांच्याचकडून जातात आणि रात्री कॅज्युअल्टीत त्याच बसतात.

माझा भाचा आता बरा आहे. महिनाभर त्याने काहीच घेतलं नाही, पहिला आठवडा डोकं दुखलं, कॅफीन सुटलं की दुखतं, मग झोप लागायला लागली. परवा विचारत होता, "मावशी, अठरा झालो की साधं बीटा-अलानिन घेऊ का, सहा मिनिटांच्या कुस्तीत शेवटी हात जड होतात." मी म्हटलं, घे, आपण दोघं तुझ्या वस्तादांकडे जाऊ आणि त्यांच्यासमोर वहीत लिहू.

रविवारी सकाळी माझं दुकान अकराला उघडतं. नऊपासून मी आतच असते, स्टॉक लावत. तुमच्याकडचे डबे घेऊन या, कोणत्याही कंपनीचे, मी लेबल वाचून तुमच्यासमोर वजनाप्रमाणे हिशोब करून देईन, पैसे घेणार नाही. पोरांना बरोबर आणलंत तर फार बरं होईल, चहा देईन, कमी कडक.

आपली,
रावपुऱ्यातली एक फार्मासिस्ट, आणि एका पैलवानाची मावशी